चपला मोजणारे बस्त्यावकाका

बस्त्यावकाका माणसं मोजत नसत, चपला मोजत. राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारी लोक पाण्यात उतरण्याआधी सुरूच्या झाडांखाली चपला काढून ठेवतात. साठी उलटलेला हा माणूस त्या ढिगांमधून हात मागे बांधून, ओठ हलवत फिरायचा. गुडघ्यापर्यंत चड्डी, अंगात चर्चच्या कुठल्याशा सणाचा विटलेला टी-शर्ट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा गडी चपला लांबवणार. मी आपलं शहाणपणाने हटकलं, "काय काका, मापाची मिळाली का?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मोजतो. मानसं हलतात रे, मोजायला घावत नाय. चपला एका जागी ऱ्हातात. दुपारी एक जोड जरी उरला, तरी समजायचा, मानूस पान्यात हाय." मी हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, आणि त्या दिवसापासून किनाऱ्यावर बेवारशी चप्पल दिसली की मी आधी पाण्याकडे बघतो.

तेव्हा आम्ही नुकतेच आमच्या वाडीत राहायला येऊन पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. आजोबांच्या काळातली केळी आणि नारळ, पुढे पाच मिनिटांवर समुद्र. शनिवार-रविवार चार पाहुणे आले तर बरं, एवढीच अपेक्षा. काकांचं घर आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून. पन्नास वर्षं मासेमारी केलेला माणूस, पण मला ते नेहमी 'खोलीवाला' म्हणायचे, तेही अशा सुरात की खोल्या बांधणं हा बिनकामाच्या लोकांचा उद्योग आहे.

या माणसाची मोठी गंमत म्हणजे तो समुद्राला घाबरायचा. चारचौघांत सांगायचा. कोळी माणसाने असं बोलावं? मी एकदा चिडवलं, "काका, पन्नास वर्षं गेली पाण्यात, अजून भीती वाटते?" तर म्हणाले, "वाटते म्हनून पन्नास झाली. ज्याला नाय वाटली, त्याची पाच पन नाय झाली." किनाऱ्यावर ते कधीही समुद्राकडे पाठ करून बसायचे नाहीत. आणि पाण्यात उभे असले की उलटं, सारखे मागे, किनाऱ्याकडे वळून बघायचे. "दर्या समोरून येतो असा तुम्हाला वाटते. तो मागून येतो," असं त्यांचं म्हणणं. मला ते म्हाताऱ्याचं कोडं वाटायचं. पुढे ते मला डोळ्यांनी बघावं लागलं.

आमच्या इथे किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक उंचवटा आहे. किनारा आणि उंचवटा यांच्यामध्ये सखल पट्टा. एका सकाळी अकराच्या सुमाराला मी त्या पट्ट्याचा व्हिडिओ काढला. गुडघाभर निळंशार पाणी, त्यात माझी भाचरं डुंबताहेत, मागे उंचवट्यावर बायको हात हलवते आहे. वर लिहिलं, 'मुलांसाठी सुरक्षित, गर्दी नसलेला किनारा'. चार दिवसांत तो व्हिडिओ आमच्याच नातेवाइकांनी पाहिला. मग एका मित्राने सांगितलं, अरे, पैसे भर, प्रमोट कर, नाहीतर कोण बघणार? त्याच्या ओळखीच्या एकाने तर असंच प्रमोट करून अख्खं रिसॉर्ट चालवलं होतं म्हणे. भरले पैसे.

त्या पानावर मला सगळं विचारलं. कोणत्या गावच्या लोकांना दाखवू? नालासोपारा, विरार, वसई, थेट बोरिवलीपर्यंत. कोणत्या वयाच्या? लहान मुलं असलेल्या. आवड काय? सहल. कोणते दिवस? मी शुक्रवार ते रविवार निवडले. सगळं विचारलं, फक्त तिथी विचारली नाही. आणि मी तरी कुठे बघितली!

शनिवारी संध्याकाळी मोठ्या फुशारकीने मी काकांना फोन दाखवला. कोण कुठले हजारो लोक आमचा किनारा बघत होते. काकांनी चष्मा लावला, व्हिडिओ एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला. त्यांचा चेहरा उतरला.

"ह्या कवा काढलास?"

"गेल्या आठवड्यात. का?"

"अष्टमीला. ह्या भांगाचा पानी हाय, खोलीवाल्या. भांगाला पानी जागचा हलत नाय, दिवसभर गुडघाभर. आन् उद्या?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. त्यांच्या घरात येशूच्या तसबिरीखाली तिथीचं कॅलेंडर असायचं. "दर्या पाद्रीचा ऐकत नाय नि भटाचा पन नाय, चंद्राचा ऐकतो," म्हणायचे. मी वाकून बघितलं. रविवार, अमावस्या.

"उद्या उधान. सकाळी पानी पार आत जाईल, पट्टा सुका पडेल. लोक चालत उंचवट्यावर जातील. मग भरती लागेल ती आधी पट्ट्यात भरेल. ते दर्याकडे बघत ऱ्हातील, नि मागचा रस्ता गेलेला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किती लोकांना दाखवलास?"

मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "एवढ्यांच्या चपला मी कशा मोजू रे?"

मी तिथल्या तिथे प्रमोशन बंद केलं. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं. व्हिडिओही काढून टाकला. पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता, एकमेकांना पाठवला होता, आणि रविवारी सकाळी साडेआठला आमच्या गल्लीत रिक्षांची रांग लागली. इतके लोक आमच्या किनाऱ्यावर मी आयुष्यात बघितले नव्हते. कुठल्याही खोलीवाल्याने आनंदाने नाचावं असा दिवस. मी मात्र सारखा घड्याळ बघत होतो.

काका पहाटेपासून सुरूखाली होते. त्यांनी दोन नाखवांना होडीचे दोर आणि तरंगायला रिकामे डबे घेऊन उभं केलं होतं. मला म्हणाले, "तू इकडच्या चपला बघ, मी तिकडच्या." मी खरोखर मोजायला लागलो. एकशे बारा, एकशे तेरा. लोक माझ्याकडे बघून हसत होते. साडेनऊला भरतीचं पाणी पट्ट्यात शिरायला लागलं. काका शिट्ट्या मारत, हात हलवत, ओरडत पट्ट्यात उतरले आणि लोकांना मागे वळवू लागले. निम्मे हसले, निम्मे वैतागले, पण बरेचसे आले. एक एक ढीग कमी होत गेला.

पावणेअकराला माझ्या बाजूला चार जोड उरले. दोन मोठे, दोन लहान. एका लहान जोडावर गुलाबी फुलपाखरू होतं. मी काकांच्या नावाने ओरडलो की नुसताच ओरडलो, मला आठवत नाही.

उंचवट्यावर नवरा-बायको आणि दोन मुलं, अशी चौघं उभी होती, समुद्राकडे तोंड करून. नवरा फोन वर धरून चौघांचा व्हिडिओ घेत होता. अगदी आमच्या व्हिडिओसारखा. त्यांच्यामागचा पट्टा भरला होता आणि नदीसारखा एका बाजूने वाहत होता. काका मागे बघत नव्हते, पहिल्यांदाच. कमरेला दोर बांधून ते दोन नाखवांबरोबर सरळ आत गेले. पाणी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत, मग मला त्यांचं डोकं दिसेना. मी काठावर ती फुलपाखराची चप्पल दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि मनात एकच घोकत होतो, देवा, चारही जोड घालायला माणसं येऊ देत.

आले. चारही आले. धाकटी काकांच्या खांद्यावर होती, त्यांचे केस मुठीत धरून. बाई वाळूतच बसली. नवरा नालासोपाऱ्यातल्या तुळिंजचा होता. मला म्हणाला, "दादा, व्हिडिओत तर गुडघाभर पाणी दाखवलं होतं हो! मुलांसाठी सेफ म्हणून लिहिलं होतं!" मी मान हलवली. तो व्हिडिओ माझा आहे, हे मला सांगता आलं नाही. आजही मला त्याची लाज वाटते. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या हातातली चप्पल घेतली, आणि खाली बसून त्या पोरीच्या पायात घातली.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. तर सकाळी सातला दारात हजर, टी-शर्टऐवजी लग्नातला शर्ट घालून. "चल, माझा काढ."

"काय?"

"विडिओ. तुझा पैसे भरून दाखवलास ना? माझा पन दाखव. त्याच लोकांना."

मी काढला. त्यात काकांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, होडीचं नाव सांगितलं, मग खोकला आला, आणि चौथ्या मिनिटाला उधाणाचा विषय निघाला. मी म्हटलं, "काका, जाहिरात पाच सेकंदच बघतात. मग वगळायचं बटण येतं आणि लोक ते दाबतात."

"पाच शेकंदात काय होते?"

"दर्यात काय व्हायचं ते पाच सेकंदांतच होतं ना, काका?"

ते चपापले. मग हसले. सबंध सकाळ आम्ही घड्याळ लावून ते पाच सेकंद घोटले. रोजाकाकी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या आणि पदराआड हसू लागल्या. म्हणाल्या, "लग्नात पाद्रीने विचारला तवा 'हो' म्हनायला याला पाच मिंटं लागलेली." शेवटी जमलं. सरळ कॅमेऱ्यात बघत, भुवया वर करून: "आज उधान हाय. पान्यात जाव नको. मागे बघ." संपलं.

मग दिवस ठरवायला कॅलेंडर खाली काढलं. प्रत्येक अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार, वर्षभराचे, त्यांच्या बोटाखाली मी एकेक भरत गेलो. पैसे आमच्या खोल्यांच्या भाड्यातून. काकांनी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता त्या पानावर सहल, मुलं, वय काही निवडलं नाही. वीस किलोमीटरच्या आतले सगळे.

परिणाम असा झाला की काका प्रसिद्ध झाले. पोरंटोरं सुरूखाली त्यांना गाठायची, भुवया वर करून नक्कल करायची, "काका, उधान हाय!" आणि सेल्फी काढायची. काका एकदाही हसले नाहीत. "हसा, हसा. पन चपला घाला नि इथंच बसा." ती बसायची. मी एकदा म्हटलं, "काका, आता तरी भीती कमी झाली का?" म्हणाले, "वाढली. आधी ह्या मला एकट्याला ठावं होता. आता समद्यांना ठावं हाय, तरी एखादा जाईल, तर?"

मग एका भांगाच्या दिवशी, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. आजार नाही, पाजार नाही. मयतीला अख्खा गाव लोटला. दारात चपलांचा ढीग पडला होता. मी वेड्यासारखा मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण रडू आवरेना.

आठवडा गेला. शनिवारी सकाळी रोजाकाकींचा फोन आला आणि मला एकदम जाहिरात आठवली. ते दिवस आधीच भरलेले होते, मी बंद करायला विसरलो होतो. अमावस्या आली होती. माझ्या मनात आलं, देवा, या बाईने काय बघितलं असेल.

"अरे," त्या म्हणाल्या, "मी फोनवर चर्चची गायनं लावली. गायनाच्या आधी तो आला."

"काकी, माझी चूक झाली. आत्ता बंद करतो."

"बंद कशाला करतोस? बटन आला होता, मी नाय दाबला. तो गेल्यावर परत लावला, तर दुसरी कसली साबनाची जाहिरात आली." मग त्यांनी विचारलं, "उद्या रविवार, उद्या पन उधान हाय ना?"

"हो."

"मग सुरूखाली कोन जाते?"

 मी खोल्या भाड्याने देणारा माणूस, पोहायला धड येत नाही, आणि त्या रविवारी पाण्यात दिसेनासं झालेलं काकांचं डोकं अजून माझ्या झोपेत येतं. शेवटी खरं ते बोललो, "काकी, मला फार भीती वाटते."

"वाटू दे," रोजाकाकी म्हणाल्या. "त्याला पन वाटायची. दर उधानाला जाताना हात थंडगार असायचे त्याचे, मी धरून बघायची. म्हनून तर जायचा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नाखवांना दोर घेऊन उभं केलं, हात मागे बांधले आणि पहिल्या ढिगापासून सुरुवात केली.