कबरीपाशी प्रार्थना टाकून धावलेले पप्पा

माझे पप्पा एकदा उघड्या कबरीपाशी प्रार्थना अर्धी टाकून पळाले होते.

आज सकाळी पप्पा गेले. म्हणून हे आजच लिहितेय.

पप्पा पेणच्या आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, हजान. म्हणजे प्रार्थना चालवणारे. आम्हा बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंकडे, शिकून आलेला रब्बी, धर्मगुरू, नव्हताच, त्यामुळे लग्न, नाव ठेवणं, दफन, घरातली भांडणं, सगळं हजानकाकांकडे.

अर्धा समाज इस्रायलला गेला आणि रोहा-अष्टमीचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं.

आई शिक्षिका. त्या आठवड्यात ती ट्रेनिंगला अलिबागला होती. मी सात वर्षांची, सोलू तीन.

शुक्रवारी निरोप आला, रोह्याच्या रिबकामावशी वारल्या.
शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो. मग दफन करता येत नाही.

पप्पांनी आम्हा दोघांना एसटीत घातलं.

रोह्यात मावशींच्या शेजारी सुमनकाकू राहायच्या. त्यांच्याकडे आम्हाला ठेवलं. काकूंकडे पाहुणे आलेले, त्या चुलीपुढून हलेनात. पप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले.
"सोलूवर नजर ठेव. तू मोठी हायस ना?"
मी मान हलवली.

मग काकूंच्या मुलींबरोबर सागरगोटे खेळायला बसले. किती वेळ, माहीत नाही.

वर बघितलं तर सोलू नव्हता.

घरात नाही. परसात नाही. काकूंनी विहिरीत दोनदा वाकून पाहिलं.
श्रावण होता. कुंडलिका नदी काठोकाठ चालली होती.

काकू माझा हात धरून कबरस्तानाकडे धावत सुटल्या.

तिथे मोजून दहा पुरुष. दहा नसतील तर कद्दिश, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. पप्पा धरून दहा.

"हजानकाका, तुमचा पोरगा दिसत नाय वो!"

पप्पांचा आवाज तुटला.

मावशींचा मुलगा डॅनियल म्हणाला, "काका, दोन मिनिटं. एवढी कद्दिश होऊ द्या. माझी आई हाय ती."
एक म्हातारे म्हणाले, "प्रार्थना मधेच सोडू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

पप्पांनी पुस्तक डॅनियलच्या हातात दिलं आणि धावले.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकू आणि मी त्यांच्या मागे धावलो.

पुलावर दोन्ही कठड्यांवरून वाकून बघत होते. दिसेल त्याला विचारत होते, "तीन वर्षांचा पोर, निळी चड्डी... पाहिलात?"
शेवटी एक सायकलवाला म्हणाला, "स्टँडवर एक पोर रडत होता बघा."

सोलू पेणच्या गाडीत कंडक्टरच्या सीटवर बसला होता. हातात बिस्किट.
"घरी जायचंय म्हणतो," कंडक्टर म्हणाला. "नाव विचारलं तर सांगत नाय."

पप्पांनी त्याला उचललं आणि गाडीच्या पायरीवरच बसले.

मग उठले. सोलूला कडेवर घेऊन परत कबरस्तानात.
नऊ जण तसेच उभे होते. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलेलं.
पप्पांनी एकेक शब्द सांगितला, डॅनियलने मागोमाग म्हटला. कद्दिश झाली. सोलू त्यांच्या खांद्यावर झोपून गेला होता.

डॅनियल पप्पांशी एक शब्द न बोलता निघून गेला.
समाजातल्या मोठ्यांनी बजावलं, "पुन्हा पोरं आणू नका."
आई परत आली. त्यानंतर ती लांबच्या ट्रेनिंगला कधीच गेली नाही. हेडमिस्ट्रेस व्हायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी डॅनियलला मुलगा झाला. सुन्नतीला पप्पांना न्यायला तो स्वतः पेणला आला. दारातूनच म्हणाला, "काका, पोरांना पण घ्या."

घरात मात्र त्या शुक्रवारचा विषय कुणी काढला नाही.
मीही नाही. सोलू माझ्यामुळे हरवला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये पप्पांचे पाय चेपत होते. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत.

"कबर सोडून धावलो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाय गो," ते म्हणाले. "पण सात वर्षांच्या पोरीला मी राखणीला बसवलं. चूक माझी. तुझी नव्हती."

मी पाय चेपत राहिले.

आज दुपारी पेणला दफन. सोलू पुण्याहून निघालाय.

सावकाश जा, पप्पा. आम्ही दोघं आहोत.