चुलीत न जाणारी पत्रकं

एकदा बाबांनी कुठल्याशा देवळाला मनीऑर्डर केली आणि देशभरच्या देवस्थानांना रत्नागिरीतला आमचा पत्ता सापडला. रोज पोस्टाने देणगीचं पत्रक हजर! आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत मी ती घालायला गेले की आई हातातून हिसकावून घ्यायची, कारण प्रत्येकावर देवाचा फोटो. देव जाळायचा कसा? विश्वस्त मंडळी भलतीच हुशार. मग पिशवी भरली की बाबा मुकाट्याने खाडीवर जाऊन सगळ्या देवांचं विसर्जन करून यायचे.

शेवटी एका पत्रकावर देवाच्या जागी गळ्यात हार घातलेले अध्यक्षसाहेबच हसताना दिसले. आईने चष्मा लावून त्यांना नीट निरखलं आणि स्वतःच्या हाताने चुलीत सारलं. एवढ्या देवस्थानांत आमच्या कामी आले ते हे एकटेच.