हिरवे राहिलेले तुरे

सातवीतून शाळा सुटली आणि वडूजहून सांगलीला आले ती मावशीच्या भरवशावर. नात्यानं ती कुणी नव्हे, आमच्या गावची एवढंच. तिनं आपल्या घरात जागा दिली, आणि वैद्यांच्या औषधशाळेत वाळवणाच्या खोलीत हाताखाली कामही. साठ सालानंतरची गोष्ट. औषधासाठी परवान्यावर गांजाचे तुरे यायचे. म्हणून खोलीची किल्ली फक्त मावशीकडं.

सगळं तिनंच शिकवलं. तुरे अंधारात, वारा लागेल असे टांगायचे. सावकाश वाळले की हिरवेपणा आपोआप उतरतो. मग बरणीत भरायचे, रोज थोडा वेळ झाकण काढायचं. उरलासुरला कच्चा वासही जातो. त्या हिरव्याला हरितद्रव्य म्हणतात, हे वैद्यांनी सांगितलं. शाळेत तो धडा येण्याआधीच मी बाहेर पडले होते. शब्द दिवसभर तोंडात घोळवला.

मग तुऱ्यांची एक खेप माझ्या एकटीवर सोपवली. ही साधली तर कायम करू, वैद्य म्हणाले. रोज दहादा जाऊन तुरे चाचपायची मी. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "वर पत्र्याखाली न्हेऊ. दोन दिसांत वाळंल."

"आवं मावशी, सावलीत म्हणालेत न्हवं वैद्य?"

"परवा मला कोरेगावला लग्नाला जायाचंय. किल्ली काय तुझ्या गळ्यात बांधू?"

दोघींनी मिळून नेले. तापलेल्या पत्र्याखाली तुरे वरून कडक झाले, रंग मात्र हिरवागार. ते बरण्यांत भरून ती कुलूप लावून गेली.

चार दिवसांनी ती परतल्यावर वैद्यांनी बरणी उघडली. कापलेल्या गवताचा वास, आणि खाली कुबट ओल. त्यांनी तुरा वाकवला. आतून ओली काडी मोडलीच नाही.

"हरितद्रव्य आतच राहिलं. पत्र्याखाली कुणी नेलं?"

मी मावशीकडं बघितलं. ती झाकण पुसत होती.

"पोरगी नवी हाय, आण्णा. लय घाई तिला."

मला बोलता आलं असतं. पण संध्याकाळी जायचं कुठं, हे आधी मनात आलं. दुसऱ्या दिवसापासून मी बाटल्या धुवायला.

जेवताना तिनं न मागता माझ्या भाकरीवर दूध ओतलं. "खा गं. सांगली काय पळून जात न्हाई." मी खाल्लं. तिचे उपकार आजही मानते, म्हणूनच तिचं ते बोलणं जास्त लागतं.

महिन्याभरानं तिच्या हातची खेप निघाली. मी बाटल्या घेऊन गेले तेव्हा बरणी उघडीच होती. तुरे तपकिरीकडं झुकलेले, गवताचा वास औषधालाही नव्हता. तिनं मला शिकवलं होतं, अगदी तसे.