तारीख घ्यायला पाठवलेला वकील

देवचंद तायडेला सनद मिळून आठ महिने झाले होते आणि जळगावातल्या चार वकिलांचं नाही म्हणून झालं होतं. एकाने तर नुसतं आडनाव विचारलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. तिकडे बोदवडला वडील आधार जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत आणि भेटेल त्याला सांगत, "आमचा देवचंद वकील झाला." ते कानावर आलं की देवचंद दुसऱ्या गल्लीने घरी जायचा.

पाचवे बन्सीलाल वकील. त्यांनी फाईल पुढे सरकवली.

"उद्या मी धुळ्याला आहे. असोद्याच्या आपल्या अशील रुक्माबाईंचा दावा पुकारला की साक्षीदार हजर नाही म्हणायचं आणि तारीख घ्यायची. साक्ष त्या बाईचीच आहे; ती आलीच तर बाहेर बसव. एवढं जमलं तर सोमवारपासून ये."

दुसऱ्या दिवशी बोदवडहून येताना गाडीत त्याने फाईल वाचली आणि ते एक वाक्य घोकलं. रुक्माबाई कोर्टाच्या दाराशीच बसल्या होत्या.

"तू वकील? पार लेकरू हाये रे भाऊ! चौथा फेरा हाये माहा. शेजाऱ्यानं वाट बुजवली, मी निघू कुठून?"

"आजी, जरा बाहेर बसा."

"बसते. पण आज माही साक्ष घेशीन ना?"

पुकारा झाला. "साक्षीदार?" न्यायाधीशांनी विचारलं.

घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. रुक्माबाई दारातून मान काढून बघत होत्या.

"हजर आहे, साहेब," तो बोलून गेला.

"मग घ्या सरतपास. विचारा तुमचे प्रश्न."

रुक्माबाई साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. वाट कुठे होती, किती वर्षं वापरली, कोणी बुजवली, एवढंच त्याला सुचलं. वीस मिनिटांत साक्ष नोंदली गेली. समोरच्या वकिलांनी उलटतपासाला मुदत मागितली आणि पुढची तारीख पडली.

बाहेर बन्सीलालांचा कारकून तोताराम कपाळाला हात लावून उभा होता. "तायडेसाहेब, बोदवडची गाडी किती वाजता आहे, बघून ठेवा."

सोमवारी तो गेला तो नकार ऐकायलाच. बन्सीलाल साक्षीची नक्कल वाचत होते.

"तुला काय सांगितलं होतं?"

"तारीख घ्यायला, साहेब. मिळाली... पण साक्ष झाल्यावर."

ते हसले नाहीत. "वाटेची रुंदी विचारली नाहीस."

"चुकलं, साहेब."

"उद्या असोद्याला जाऊन मोजून ये."

म्हणजे ठेवलं का, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. दिवसभर तो डायरीत तारखा उतरवत बसला. संध्याकाळी तोतारामने उद्या असोदा झाल्यावर परवा कामावर किती वाजता येणार म्हणून विचारलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.