भाऊजी घाबरतात, मग?

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पाण्याच्या टाक्या आतून साफ करतात. त्यांना घाबरट म्हणणाऱ्याने आधी एकदा त्या टाकीच्या तोंडातून आत डोकवावं. माणूस जेमतेम शिरेल एवढं भोक, आत काळोख, पायाखाली बुळबुळीत गाळ, आणि आपलाच श्वास चारी बाजूंनी अंगावर येतो. मी एकदा हौसेने डोकं घातलं होतं. डोकंच घातलं, बाकीची सगळी मी बाहेर होते, तरी दरदरून घाम फुटला.

या कामाला जोडी लागते. एक आत, एक बाहेर. आतल्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक बाहेरच्याच्या हातात. टाकीत आवाज इतका घुमतो की बोललेलं काही कळत नाही, म्हणून सगळं दोरावर चालतं. बाहेरच्याने एक हिसका दिला की 'मी इथेच आहे.' लागोपाठ दोन दिले की 'असशील तसा बाहेर ये.' त्यानंतर का नि कशाला विचारायचं नाही, ब्रश टाकायचा आणि निघायचं. भाऊजींचं उभं आयुष्य या दोरावर गेलं.

आणि एक दिवस बाहेरच्या महाभागाला फोन आला. त्याने दोर खाली ठेवला आणि गप्पा हाणत जिन्याकडे गेला. आत टाकी धुवायच्या औषधाचा वास कोंडला. भाऊजींनी दोर ओढला, तर तो सैल सैल त्यांच्याच हातात येत राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ठोकाठोक ऐकू आली म्हणून माणूस हाती लागला. भाऊजींनी त्या महाभागाला माफ केलं. मी केलेलं नाही आणि मला घाईही नाही. त्याचा विषय निघाला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर भाऊजींना बंद जागा सोसेना. लिफ्ट सोडली. आंघोळीला गेले तरी दार किलकिलं ठेवायचे आणि ताई बाहेर पाठ करून भाजी निवडत बसायची. त्यांनी हे कुणापासून लपवलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनासभेत उभे राहून म्हणाले, "मला भीती वाटते. माझ्यासाठी प्रार्थना करा."

झालं! आमच्या मंडळीत एक वडीलधारे गृहस्थ आहेत, आम्ही बहिणी त्यांना पाठीमागे लाउडस्पीकर म्हणतो. ते उठले आणि खाकरून म्हणाले, "बंधू, विश्वास असेल तिथे भीती टिकत नाही. तुमचा विश्वास कमी पडतोय."

भाऊजी मान खाली घालून खाली बसले. टाकीतून बाहेर काढलं तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडलेला नव्हता. मला तर त्या लाउडस्पीकरची वायरच तोडावीशी वाटली. पण ताई उठली. ताई, जी सभेत कधी तोंड उघडत नाही.

"प्रभू क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, पकडला जायच्या आधी, त्या बागेत घामाघूम झाला होता," ती म्हणाली. "मित्रांना म्हणाला, माझ्याजवळ थांबा, जागे राहा. त्याचाही विश्वास कमी पडला होता का?"

"भगिनी, तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? ते मित्र तरी नुसते झोपले. तुम्ही तर वर उपदेश करताय!"

सभा कशीबशी संपली. पुढे कित्येक दिवस भाऊजी गेलेच नाहीत. घरची संध्याकाळची प्रार्थनाही ते ओठातल्या ओठात म्हणू लागले, जणू देवासमोर बोलायचा त्यांचा हक्कच कुणी काढून घेतला होता. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. भीतीने माणूस हैराण होता, हे कबूल. पण प्रार्थना हा त्याचा एकुलता आधार होता, आणि तोही या शहाण्याने हिरावून घेतला.

त्यातच त्यांचा डावा हात बधिर व्हायला लागला. कप निसटायचा, शर्टाची बटणं लागायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबते आहे, एमआरआय केल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि उशीर केलात तर हात कायमचा जाईल.

एमआरआय म्हणजे काय, ते भाऊजींनी दारातूनच पाहिलं. एक बोगदा, त्यात आडवं सरकायचं, तोंडावर पिंजरा, आणि हलायचं नाही. पहिल्या खेपेला पुरते आत जायच्या आधीच त्यांनी हातातला रबरी गोळा दाबला आणि मशीन थांबवायला लावलं. टेक्निशियन वैतागला. "काका, लहान मुलंसुद्धा झोपतात हो यात!" मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"मी आत थांबते यांच्याजवळ," ताई म्हणाली. बांगड्या, कानातलं, गळ्यातला क्रूस सगळं काढून तिने माझ्या ओंजळीत दिलं. कानात बोळे घालून ती आत गेली आणि बोगद्याबाहेर राहिलेलं भाऊजींचं पाऊल धरून उभी राहिली. मी काचेतून बघत होते. मशीन धडधडायला लागलं. ताईचे ओठ हलत होते, ती प्रभूची प्रार्थना म्हणत होती. सगळं छान चाललं होतं. मग तिला एकदम माया दाटून आली असावी. तिने त्यांचं पाऊल घट्ट दाबलं. आणि लगेच पुन्हा एकदा.

भाऊजी आतल्या आत जे उसळले! कोपरं सोलवटली, कपाळ पिंजऱ्यावर आपटलं. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते धापा टाकत ताईवर ओरडले, "काय झालं? दोन हिसके का दिलेस?"

"अहो, मी लाडाने दाबलं!"

"लाड एका हिसक्यात कर ना मग!"

टेक्निशियन मशीन बंद करायला निघाला. सगळं चित्र हललं होतं. ताईने त्याला तिथेच अडवलं. रागाने तिचा आवाज कापत होता, पण भाऊजींशी बोलताना तो खाली आला. "हे बघा, ऐकू तर येणार नाही. प्रार्थनेच्या दर ओळीला मी एकदाच दाबीन. तुम्हीही मनात म्हणत चला. मी कुठे आहे ते तुम्हाला कळेल. संपली की पुन्हा पहिल्यापासून. माझा हात सुटणार नाही."

भाऊजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. ते पुन्हा आत सरकले.

काचेतून मला फक्त ताईचा अंगठा दिसत होता. दाबायचा, थांबायचा, दाबायचा. किती वेळा त्यांनी ती प्रार्थना म्हटली देव जाणे, तिसरं कुणी मोजायला तिथे नव्हतंच. मी इतकी रागीट बाई, पण त्या काचेला नाक लावून मीही ओळ धरली. बाहेर आले तेव्हा भाऊजींचा शर्ट घामाने चिंब झाला होता. चित्र मात्र स्वच्छ आलं होतं.

बातमी मंडळीत पोचलीच. रविवारी लाउडस्पीकर आनंदाने हात पसरून म्हणाले, "बंधू, उभे राहा, साक्ष द्या! प्रभूने भीती घालवली ना?"

भाऊजी उभे राहिले. माझ्या मुठी आपोआप आवळल्या.

"नाही घालवली," ते म्हणाले. "भीती माझ्याबरोबर आत आली होती. पण बायकोचा हात होता आणि प्रभूही होता. जागा अरुंद होती, तरी सगळे मावलो." मग त्यांचा आवाज चढला, तसा मी कधी ऐकला नव्हता. "आता ऑपरेशन आहे. मी घाबरलोय, सरळ सांगतो. ज्याला यायचं असेल त्याने यावं. उपदेश घरी ठेवून यावं."

लाउडस्पीकर चष्मा पुसत राहिले. मागच्या बाकावर एक म्हातारी बसते, जिचा आवाज आम्ही आजवर ऐकला नव्हता. ती काठी टेकत उठली.

"मी येते रे," ती म्हणाली. "मलाही फार भीती वाटते."