सुखदेवच्या कांबेला पाणी

सुखदेवच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला तेव्हा मी पेपर चाळत बसलो होतो. "काका, बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. हा लेख तेव्हाच लिहिला असता तर तो दुःखाने लिहिला गेला असता. आता मी तो संतापाने लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

संतापाचं कारण गेल्या रविवारी घडलं. आमच्या गावात, म्हणजे अमरावतीहून अचलपूरकडे जाताना एसटीतून मध्येच उतरावं लागतं त्या गावात, सुखदेवसाठी शोकसभा ठेवली होती. एक तरुण वक्ते बोलायला उठले. ज्या काळाबद्दल ते बोलत होते त्या काळात त्यांचे वडीलही चड्डीत असतील. म्हणाले, गावात सरकारी टेलिफोन येण्याच्या कितीतरी आधी ज्यांच्या दूरदृष्टीनं घरोघरी बोलण्याची तार फिरली, त्या मालकांना मोलाची साथ सुखदेवरावांनी दिली. मालक म्हणजे माझे वडील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी व्यासपीठावर, सुखदेवच्या फोटोशेजारच्या खुर्चीत बसलेला. माझी पाळी आली तेव्हा 'माझा जिवलग मित्र' वगैरे चार वाक्यं बोलून मी खाली बसलो. वय ऐंशीच्या घरात, दात केव्हाच सोडून गेले, पण गप्प बसायची खोड काही गेली नाही.

तर खरं काय ते आता सांगतो. मी आणि सुखदेव एकाच वर्गात. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आम्ही हायस्कुलात होतो. त्याचे मामा अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी राहायचे. मॅट्रिकनंतर सुखदेव तिथे रेडिओदुरुस्ती शिकायला राहिला. दोन वर्षांनी गावी परतला तो खांद्यावर एक पोतं टाकून. पोत्यात लढाईच्या वेळचे, लष्करानं भंगारात काढलेले कानाला लावायचे फोन होते. काही फुटके, काहींचे पट्टे तुटलेले, काहींवर कुणाची तरी इंग्रजी नावं कोरलेली. "हे काहून आणलं बे?" मी विचारलं. त्याने एकाचं काळं टोपण काढून आतला पातळ पत्रा दाखवला. म्हणाला, "याच्यात आयकूबी येते अन् बोलूबी येते. दोन जोडले का झालं. ना बॅटरी लागत, ना सरकार लागत."

दोन कशाला, त्याने पाच जोडले. एक आमच्या घरी, एक आमच्या संत्र्याच्या बागेत, एक शाळेत, एक दवाखान्यात आणि एक बौद्धवाड्यात स्वतःच्या घरी. आमच्या भागात अशा कामाला लागणारं काहीच मिळत नव्हतं, म्हणून त्याने बागेच्या कुंपणाची तारच वापरली. जिथे कुंपण संपे तिथे भंगारातली तार गाठी मारून पुढे न्यायची. बाभळीच्या खुंटाला तार टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. बोलण्याला दोन तारा लागतात, पण तेवढी तार आणायची कुठून? मग दुसऱ्या तारेचं काम त्याने जमिनीवर सोपवलं. प्रत्येक घरामागे हातभर लोखंडी कांब काळ्या मातीत ठोकली आणि फोनचं दुसरं टोक तिला बांधलं. कुणाला बोलवायचं असेल तर बॅटरीचा जुना सेल तारेला टेकवायचा, की सगळ्या फोनमध्ये टकटक वाजे. एकदा वाजलं तर आमचं घर, दोनदा बाग, तीनदा शाळा, चारदा दवाखाना, पाचदा सुखदेव. आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, पण यायचा.

उन्हाळ्यात मात्र तार मुकी व्हायची. आमची माती पावसात पायाला सोडत नाही आणि वैशाखात हात जाईल एवढी फाटते. भेग पडली की कांबेला माती धरत नाही. म्हणून सुखदेव रोज सकाळी पाचही ठिकाणी जाऊन कांबेच्या बुडाशी गडवाभर पाणी टाकायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी त्याकडे पाहिलंही नाही. आमच्या घरची बायामाणसं म्हणायची, हा तुळशीले सोडून लोखंडाले पाणी घालून राहिला.

वडील खूश होते. व्यापारी आला की बागेत निरोप जायला घटकाही लागत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवत, "पोट्टा हुशार हाय," म्हणत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली नव्हती. तार एकच असल्यामुळे कुणीही बोललं तरी ते सगळ्यांना ऐकू जाई, आणि त्या सगळ्यांत बौद्धवाडाही होता.

आता सुखदेवच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मर्म तिथे आहे. तिला दमा होता. दवाखान्यात गेली तर कंपाउंडर तिला बाहेरच्या पायरीवर बसवायचा, दोन शब्द ऐकायचा आणि पुड्या वरून तिच्या पदरात सोडायचा. गावात फोन आल्यावर ती घरून बोलू लागली. कानाला लावून ती सावकाश सांगायची, रात्री कितीदा उठली, काय खाल्लं, छातीत कुठे दाटतं... आणि तोच कंपाउंडर पलीकडून "हो माय, मंग?" म्हणत शेवटपर्यंत ऐकायचा. तारेवर तो तिला माय म्हणायचा. सुखदेव मला म्हणाला होता, "माह्या मायचं पुरं बोलणं कोनं तरी पह्यल्यांदा आयकून घेतलं, मधू." मी बरं म्हणालो. मला त्यात काय विशेष ते कळलं नव्हतं, आणि आज त्याचाही मला राग येतो.

एका सकाळी वडिलांनी बागेत बोलण्यासाठी फोन कानाला लावला आणि त्यात म्हातारीचा खोकला ऐकू आला. "हे कोन बोलून राह्यलं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फोन असा खाली ठेवला जणू त्याला विंचू चिकटला होता. मग अंगणात जाऊन गडवाभर पाण्यानं कान धुतला. हे मी पाहिलं आहे. शिकलेले, गांधीटोपी घालणारे, भाषणात समतेवर बोलणारे माझे वडील उकिडवे बसून डावा कान चोळून चोळून धूत होते. लोकांना वाटतं विटाळ स्पर्शाने होतो. आमच्या घरी तो तारेतून आला.

दुसऱ्या दिवशी सुखदेवला बोलावलं. "तुमची तार अलग कर," वडील म्हणाले. आठवडाभर राबून सुखदेवने आपल्या घरापासून दवाखान्यापर्यंत निराळी तार ओढली आणि दवाखान्यात दोन फोन टांगले, एक आमच्यासाठी, एक त्यांच्यासाठी. दवाखान्यामागची कांब मात्र दोन्ही फोनना एकच होती. वडिलांनी समाधानाने फोन उचलला, आणि बारीक आवाजात का होईना, म्हातारी त्यात होतीच. भिंतीपलीकडून यावा तसा तिचा खोकला येत होता.

सुखदेवला पुन्हा बोलावणं गेलं. वडील ओरडले, "आमच्याशी बदमाशी करतं तू?"

"तार अलग केली, मालक," तो शांतपणे म्हणाला. "जमीन कशी अलग करू? दुसरी तार म्हंजे जमीनच हाय. थे तर तुमच्या माह्या खाली एकच हाय."

दवाखान्यात दुसरी कांब दूर ठोकली असती तर म्हातारीचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला असता, हे मला पुष्कळ वर्षांनी एका जाणत्या माणसाकडून समजलं. सुखदेवला ते त्याच दिवशी ठाऊक असणार. त्याने ते केलं नाही. ती त्याची चूक होती की हट्ट, हे मी त्याला कधी विचारलं नाही. हट्ट असेल तर माझा त्या हट्टाला नमस्कार आहे.

वडिलांनी दोन गडी बौद्धवाड्यात पाठवले आणि त्यांच्याबरोबर मला. गड्यांनी सुखदेवच्या घरामागची कांब हलवून हलवून उपटली. तार कापायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ओट्यावर सुखदेवची पक्कड पडली होती. ती मी उचलली आणि तार मी कापली. तो दारात उभा होता. त्याची आई आत खोकत होती. "काहून रे मधू?" एवढंच त्याने विचारलं. "बाबांनी सांगतलं," मी म्हणालो. एकवीस वर्षांचा घोडा झालो होतो मी, आणि हे माझं उत्तर. ती पक्कड माझ्या हातातच राहिली आणि माझ्याबरोबर घरी आली. म्हातारी पुन्हा त्या पायरीवर बसू लागली.

त्या वैशाखात आमचीही तार मुकी झाली, कारण कांबेला पाणी टाकायला कुणी येत नव्हतं. वडील म्हणाले, त्यानं करणी केली. मला कारण माहीत होतं. मी सांगितलं नाही, आणि पाणीही टाकलं नाही. पावसाळ्याआधी सुखदेव आई-बायकोला घेऊन अमरावतीला गेला. तिथे त्याने रेडिओचं दुकान काढलं, मुलीला शिकवलं. पुढे तो आणि मी पुन्हा भेटू लागलो, एकमेकांकडे जेवलो, चिखलदऱ्याला दोन्ही कुटुंबं मिळून गेलो. त्या तारेचा विषय त्याने कधी काढला नाही. मी त्याला मैत्री समजत होतो. ती फक्त त्याची सभ्यता होती.

आणि त्या तारेचं श्रेय आता माझ्या बापाला! दूरदृष्टी म्हणे. ज्या माणसानं ती तार कापून घेतली त्याचं नाव लागलं, आणि ज्याने ती गाठी मारून मारून उभी केली तो 'मोलाची साथ'. हे मी सभेत उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, म्हणून इथे नावानिशी लिहितो आहे. ती लाइन सुखदेवची होती. आम्ही ती तोडली.

सभेनंतर दोन दिवसांनी ती पक्कड पिशवीत घालून मी अमरावतीला गेलो. सुखदेवच्या बायकोने, कौसल्यावहिनींनी, चहा दिला आणि मागच्या अंगणात घेऊन गेल्या. भिंतीशी एक गंजलेली कांब जमिनीत उभी होती. मी ती ओळखली. आमच्या गड्यांनी उपटून फेकली होती तीच. तिला ना तार बांधलेली, ना काही. आजूबाजूची सगळी माती फाटली होती, फक्त तिच्या बुडाशी वीतभर ओली होती.

"रोज सकायी पानी टाकत," वहिनी म्हणाल्या. "मी इचारलं, आता हिच्यावर कोन बोलते? तं म्हनत, माय बोलते."

पिशवीतली पक्कड काढून मी पायरीवर ठेवली. त्यांनी ती पाहिली, ओळखली असावी, पण हात लावला नाही. पाण्याची बादली शेजारीच होती, तीत गडवा तरंगत होता. मी वाकून गडव्याकडे हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "उपटाले तुमी आलते. पानी आमी टाकतो."

त्यांनी गडवा भरला आणि पाणी टाकलं. मी बाजूला सरून उभा राहिलो.