खोडलेलं नाव

बँकेचं काम असो की मोबाईलचं, नवा पासवर्ड मागितला की माझा हात अजून अडखळतो. बोटं आपोआप एका नावाकडे वळतात. ते नाव माझं नाही, माझ्या घरातल्या कुणाचं नाही, आणि ज्या मुलीचं आहे तिला मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. तरी इतकी वर्षं ते माझा पिच्छा सोडत नाही. इथे मी ते लिहिणार नाही. एकदा भर ऑफिसात मोठ्याने वाचलं, तेवढं पुष्कळ झालं.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी चोवीस वर्षांची, नगरला कॉम्प्युटर शिकून पुणतांब्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात नुकतीच लागले होते. घर केडगावला, रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं म्हणून कॉलनीत एक खोली घेतली होती. कारखान्यात मोठं मशीन एकच, एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढल्याशिवाय साहेबसुद्धा तिथे पाऊल टाकत नसत. त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे बारा टर्मिनल वेगवेगळ्या टेबलांवर होते, आणि ह्या सगळ्याची मी एकटी मालकीण. अंगात भलतीच मिजास होती. कुणी चुकीचं बटण दाबलं की मी अशी बघायचे, की तो बिचारा आपण होऊन माफी मागायचा.

त्या हंगामात एक भानगड झाली. ऊसतोडीच्या पाळ्या मशीनमध्ये लागायच्या, आणि एका गटाची पाळी कुणीतरी गुपचूप तीन आठवडे अलीकडे आणून ठेवली. केलं कुणी ते कळेना, कारण पासवर्ड ही वस्तू आमच्याकडे सायकलच्या दुकानातल्या पंपासारखी होती. ज्याला लागेल त्याने खुशाल वापरावी. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "ह्याचा बंदोबस्त करा."

बंदोबस्त कसा करायचा ते मी एका मासिकात वाचलं होतं: सहज ओळखता येणारे पासवर्ड आधी आपणच शोधून काढायचे आणि बदलायला लावायचे. मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं कूट करून ठेवतं. शेंगदाण्याच्या कुटातून दाणा परत जोडता येत नाही, तसाच हा प्रकार. पण आपण अंदाजाने एक शब्द घ्यायचा, त्याचंही तसंच कूट करायचं, आणि दोन्ही सारखी निघाली की पासवर्ड सापडला. लागते ती फक्त एक यादी, लोक काय काय ठेवत असतील त्याची.

मी यादी करायला घेतली. देव घातले, गावं घातली, सिनेमातल्या नट्या घातल्या, गाड्यांचे नंबर घातले. मग जास्तीचं डोकं चालवलं आणि आस्थापना विभागातून सगळ्यांचे कुटुंबाच्या तपशिलाचे फॉर्म मागवून घेतले. बायकापोरांची नावं एकेक करून चढवली. शेतकी विभागातल्या भाऊसाहेबांच्या फॉर्मवर एक नाव निळ्या शाईची आडवी रेघ मारून खोडलेलं होतं. शेजारी त्यांचीच सही. रेघेखालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, मुलीचं होतं. मुलगी वारली असेल, असं मनात आलं. पण काम म्हणजे काम, असं म्हणून मी तेही टाईप केलं.

भाऊसाहेब पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या टोपीतले, कमी बोलणारे गृहस्थ. ऊस लागवडीच्या नोंदी त्यांच्याकडे असत. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते टर्मिनलसमोर बसत आणि एका बोटाने, अगदी सावकाश पासवर्ड टाकत. त्यांना अक्षरं सापडायला वेळ लागतो, असं मला वाटायचं. त्यांच्यापासून दोन टेबलं सोडून त्यांचा थोरला भाऊ बसायचा. तो मोठ्या आवाजाचा, गावात वजन असलेला.

रविवारी दुपारी, ऑफिस बंद असताना, मी प्रोग्राम चालवला. बारापैकी नऊ पासवर्ड निघाले. भाऊसाहेबांचा जुळला तो त्या खोडलेल्या नावाशी. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एकटीने टाळी वाजवली.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. लोकांना धडा मिळावा म्हणून मी यादी मोठ्याने वाचायला लागले. एकाची नटी निघाली, एकाचा म्हसोबा निघाला, खुद्द साहेबांचा पासवर्ड 'साहेब' असा निघाला. हॉल खदखदून हसत होता आणि मला चेव चढला होता. मग मी म्हणाले, "शेतकी विभाग, पहिलं टेबल," आणि ते नाव वाचलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, मागे ऐकू गेलं नसेल. म्हणून मी ते दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने वाचलं.

थोरला भाऊ उठला. "मुद्दाम वाचलं हिनं," तो म्हणाला. "सोताच्या समाजाची बाजू घेती."

मला काहीच उमजेना. भाऊसाहेब खाली बघत होते. "न्हाई दादा," ते म्हणाले, "त्यांना काय ठावं न्हाई." आणि मग माझ्याकडे न बघताच, "बदलतो, मॅडम."

काय झालं ते मला संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने सांगितलं. भाऊसाहेबांच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी शेवगावच्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं. आम्हीही बौद्ध, आणि ऑफिसात ते सगळ्यांना माहीत होतं. मुलगी गेली त्या आठवड्यात थोरल्याने घरात जाहीर केलं, की ती आपल्याला मेली, तिचं नाव ह्या घरात पुन्हा निघता कामा नये. त्यानेच भाऊसाहेबांना आस्थापना विभागात नेलं आणि शेजारी उभं राहून फॉर्मवर रेघ मारायला लावली. भाऊसाहेबांनी रेघ मारली, सही केली. त्यांनी बायकोलाही तोंड उघडू दिलं नाही. आणि रोज सकाळी, भाऊ यायच्या आत, एका बोटाने ते नाव लिहीत राहिले.

मी त्या रात्री जेवले नाही. त्याचा भाऊसाहेबांना काय उपयोग होता?

पाळीची भानगड साहेबांच्याच पासवर्डवरून झाली होती, असं पुढे निघालं आणि चौकशी चटकन गुंडाळली गेली. माझी यादी मात्र कामाला लागली. त्यातला कुठलाही शब्द पासवर्ड म्हणून घ्यायचा नाही, असं मी मशीनला शिकवलं होतं. भाऊसाहेब नवा पासवर्ड ठेवायला बसले तेव्हा मी मागे उभी होते. त्यांचं बोट सवयीने त्याच अक्षरांवरून फिरलं. स्क्रीनवर मीच लिहिलेली ओळ आली: हा शब्द चालणार नाही. ते म्हणाले, "तुमीच सांगा, काय टाकू." मी मशीनकडून अक्षरं आणि आकड्यांचं काहीतरी काढून चिठ्ठीवर लिहून दिलं.

पंधरा दिवसांनी त्यांची बायको मशीनच्या खोलीच्या दाराशी आली. मी तिला आधी पाहिलं नव्हतं; हॉलमधली गोष्ट मात्र तिच्या कानावर गेली होती. "मी भाऊसाहेबांच्या घरची," ती म्हणाली, आणि चपला काढून सरळ आत आली. "ते तिचं नाव कसं दाबायचे, दाखीव मला."

मी तिथल्या टर्मिनलवर बसले आणि पासवर्डच्या जागी ते नाव टाईप केलं. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

"दिसना की."

"पासवर्ड दिसत नसतो, मावशी. दुसऱ्याने वाचू नये म्हणून मशीन तो दाखवत नाही."

"म्हंजी त्यांना बी दिसत नव्हतं?"

"नाही."

तिने त्या काळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिचा आवाज चढला. "मला तीन वर्सं घरात तिचं नाव घिऊ दिलं न्हाई. मी चुलीम्होरं तोंडातल्या तोंडात म्हनायची. आन ह्ये हितं येऊन बसायचे! मला एकदा सांगितलं असतं तर दोगांनी मिळून म्हनलं असतं." तिने पदराने डोळे पुसले. "मी आता शेवगावला चालली. दादा काय म्हनायचं ते म्हनू दे." आणि ती खरंच गेली. त्या दिवशी गेली आणि पुढेही जात राहिली.

ती गेल्यावर मी यादी उघडली आणि ते नाव काढून टाकलं. केलेला नियम स्वतःच मोडला. पण त्याआधीच ती यादी दुसऱ्या दोन कारखान्यांनी फ्लॉपीवर उतरवून नेली होती. तिथली मशीनं त्या मुलीचं नाव नाकारत राहिली असणार, का ते तिथे कुणालाच ठाऊक नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. भाऊसाहेब एकटेच होते. थोरल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि शेवगावला जायचा धीर त्यांना होत नव्हता. रेघ मीच मारली, तिच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ, असं ते बायकोला म्हणाले होते.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "यादीतून काढलंय मी ते. पुन्हा ठेवा. मशीन घेईल."

"आता कसं ठेवू? समद्यांनी ऐकलं."

काहीतरी करायचं म्हणून मी टेबलाकडे पाहिलं. मी दिलेली चिठ्ठी त्यांनी काचेखाली ठेवली होती, अक्षरं वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी.

"पासवर्ड असा उघडा ठेवायचा नसतो, भाऊसाहेब."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "आता त्यात कुनी न्हाई."

चिठ्ठीत बघून, एकेक आकडा जुळवत, ते कामाला लागले.